चाकांना खोचलेले पत्ते

दसरा जवळ आला की आमचे हे गाडीची चाकं घासायला बसायचे. रोज सिन्नरच्या कारखान्यात जाऊन-येऊन चाकांच्या लोखंडी रिमवर गंज चढायचा. तो तारेच्या ब्रशने खरवडायचा आणि वर चंदेरी स्प्रे मारायचा. टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि रिममधल्या फटीत पत्ते खोचायचे, तेही आमच्या रमीचे! मी कडाकडा भांडायचे. कुठल्या पत्त्याच्या पाठीवर कसा डाग पडलाय हे फक्त यांनाच ठाऊक. माझ्या हातातला एक्का ओळखायचे आणि वर तोंड लपवून हसायचे. लबाड माणूस!

हे गेल्यानंतरचा हा पहिला दसरा. मुलगा म्हणाला, "आई, गॅरेजला दे ना." मी म्हटलं, "तू तुझं काम बघ." नाशिकरोडहून स्प्रे आणला, गुडघे दुखेपर्यंत रिम घासले. नवा कॅट कपाटात होता, तरी खोचले जुनेच पत्ते.

संध्याकाळी ते वाळल्यावर सवयीने पिसले आणि दोघांचे वाटले. डाग या वेळी माझ्या हातचे होते. समोर पालथ्या पडलेल्या पत्त्यांत बदामचा एक्का कुठला, ते मला इथूनच कळलं. कधी नव्हे ते मी जिंकणार होते.