एक ब्रेड कमी

आमच्याकडे ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ताप आला, पोट बिघडलं, कुणी दवाखान्यात पडलं की ब्रेड आणायचा आणि दुधात बुडवून द्यायचा. धडधाकट माणसानं जेवायला ब्रेड घेतला तर शेजारीण विचारायची, "काय हो, बरं नाही का?" माझा सगळा धंदा याच समजुतीवर उभा राहिला, आणि माझ्या घरातही ती तितकीच पक्की होती.

नव्वद सालानंतर आम्ही नाशकात एका दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहायला आलो. महिला मंडळाच्या वर्गात मी ब्रेड शिकले आणि ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये दिवसाला चार भाजायला लागले. विंचूर, मनमाडकडून पेशंट घेऊन आलेली माणसं सकाळीच दारात उभी असायची. चाराचे दहा झाले. मग यांनी सातपूरला ओळखीनं पत्र्याची मोठी भट्टी करून घेतली, एका वेळी चोवीस ब्रेड निघतील अशी. कारखान्यात जाण्याआधी हेच लुनावरून दुकानांत माल पोचवायचे. घरी मात्र आम्ही दोघं बाजरीची भाकरीच खायचो. "आपल्याकडे कुणी आजारी नाही," असं हे मोठ्या ऐटीत म्हणायचे.

चोवीस ब्रेड एकटीनं उरकेनात, तेव्हा हरसूलकडची एक बाई मदतीला आली. तिचा नवरा बांधकामावर होता. भाताच्या लावणीपुरती ती गावी जायची आणि न चुकता परत यायची. फडक्याखालचं पीठ पुरतं फुगलं की नाही, हे ती नुसतं बोट टेकवून सांगायची. सगळ्यांना "तू"च म्हणायची, मलाही आणि यांनाही. पाच वर्षांत तिनं मला बोल लावायला कधी जागा ठेवली नाही.

त्या वर्षी श्रावणात चोवीसातला एक ब्रेड कमी भरायला लागला. पहिल्या दिवशी वाटलं, माझीच मोजण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवीस. तिसऱ्या दिवशीही तेच. घरात वावरणारी माणसं तीन, मी, हे आणि ती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझ्या नाकावर राग कायमचाच, त्यात त्या सकाळी माल कमी आला म्हणून एका दुकानदारानं मला चार शब्द सुनावले होते. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. ती साचे पुसत होती. मी म्हणाले, "रोज एक ब्रेड घरी नेतेस ना? हवा होता तर मागायचास. चोरी कशाला करायची?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. हातातला साचा नीट पुसून जागेवर ठेवला, पदराला हात पुसले आणि निघून गेली. गप्प राहिली म्हणजे कबूलच, असं मी धरलं.

रात्री जेवताना यांना सांगितलं. हल्ली दात दुखतो म्हणून हे भाकरी आमटीत कुस्करून घ्यायचे, नि एकेक घास घोळवत बसायचे. "अगं, एका ब्रेडसाठी?" एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. मला वाटलं, माझं कडक वागणं पटलं नाही. ती पुन्हा कामाला आली नाही, आणि मी ब्रेड मोजणं सोडून दिलं. चोर गेला होता ना.

दिवाळीच्या तोंडावर यांच्या खात्यातला एक जोडीदार वडिलांसाठी ब्रेड न्यायला आला. जाता जाता म्हणाला, "वहिनी, तुमच्या भाकरीला तोड नाही. रोज यांचा डबा मीच संपवतो. हे आपले चहात ब्रेड बुडवून खातात."

हे आल्यावर विचारलं, तेव्हा अपराध्यासारखे खाली बघत म्हणाले, "भाकरी घशाखाली उतरत नाही गं. आषाढापासून. वाटलं होईल बरं आपोआप. ब्रेड मागितला असता तर तू घाबरली असतीस."

"आणि ती बाई?"

"उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता राहून गेलं."

अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी तपासणीचे कागद खाली ठेवले आणि विचारलं, "दोन-तीन महिने आधी का नाही आलात?" पुढं मी रोज ताजा ब्रेड दुधात कालवून यांना चमच्यानं भरवला. होळीपर्यंत तोही उतरेना. पाडव्याच्या आधी हे गेले.

तिच्याकडे जायला मला वर्ष लागलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मीही तेच केलं जे यांनी केलं होतं. ती गावीच परतल्याचं कळलं होतं, म्हणून शेवटी आठवडे बाजाराचा दिवस बघून हरसूलची एसटी धरली. ती नागली, म्हणजे नाचणी, विकत बसलेली दिसली. मला बघून तिनं गोणपाट सरकवून शेजारी जागा केली. हे गेल्याचं तिला कळलेलं होतं. मी म्हणाले, "माझं चुकलं. ब्रेड तू नेत नव्हतीस, हे नेत होते."

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "दादा सकाळी पिशवीत टाकायचा, मी बघलं व्हतं. त्याला घास उतरत नवता. बोलला, ताईला सांगू नको, ती घाबरंल."

माझ्या अंगात राग असा उसळला की आजही त्याची लाज वाटते. माफी मागायला गेलेली मी तिच्यावरच ओरडले, "मग मी चोर म्हणाले तेव्हा का नाही बोललीस? तेव्हा सांगितलं असतंस तर माणूस वाचला असता माझा." आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

ती नागलीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ताई, तू इचारलं कुठं? ब्रेड कोन नेतो, इतकं इचारलं असतं तं मी सांगितलं असतं. तू तं आधीच ठरवून बोलली."

एसटीची वेळ होईपर्यंत मी तिच्या शेजारी बसून राहिले, आणि तिनंही मला ऊठ म्हटलं नाही.