स्वतःपुरतं लायसन

आमच्या घरातली कागदपत्रांची कामं माझ्याकडेच असतात. रेशन, गॅस, आईची पेन्शन. काम हातात घेतलं की संपवून टाकायचं. धाकट्या भावाचं लायसनही मी तसंच संपवलं.

त्याचा डावा पाय पोलिओने अधू आहे. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून तो कंटाळला होता. जवळच्या मुर्री गावातला एक जण आपली ई-रिक्षा त्याला चालवायला देणार होता. क्लच नाही, गिअर नाही, ब्रेकला उजवा पाय पुरतो. भाऊ खूश होता.

आरटीओबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्ज भरणाऱ्याने मला विचारलं, “दीदी, गाड़ी खुद के लिए चलाएगा, या सवारी बिठाएगा?”

भाऊ झेरॉक्सच्या रांगेत होता. त्याला लायसन कशासाठी हवंय, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हणाले, “खुद के लिए.”

भावाने येऊन न वाचताच सही केली. मी भरून घेतलेला अर्ज कोण वाचणार?

लायसन आलं ते फक्त अपंगांच्या तीनचाकी स्कूटरचं. ई-रिक्षाचा वर्ग वेगळा. मालकाने त्याला परत पाठवलं. दिवाळीपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो, म्हणाला.

“ताई, मले काऊन नाही विचारलं?”

“घाईत राहून गेलं रे.”

“तू आन घाईत? लग्नात द्रोण मोजून घेणारी बाई तू!”

मग मी खरं ते सांगितलं. तुझ्या मागे माणसं बसणार, कुठे काही झालं तर सगळे तुझ्या पायालाच बोल लावणार, याची भीती वाटली.

“लोकायले कायचं भेव? तुलेच लागून राहिलं भेव.”

आता ई-रिक्षासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा डॉक्टरची तपासणी, पुन्हा ट्रायल. मी लगेच त्याची फाईल काढली. त्याने ती माझ्या हातातून घेतली.

“मी जातो एकटा. तू एकच सांग. लायसन भेटलं तं तुया पोरीले माया रिक्षात कॉलेजात पाठवशीन?”

यावर हो म्हणायला एक क्षणही लागायला नको होता. त्याने फाईल पिशवीत घातली, कुबडी घेतली आणि पायऱ्या उतरून गेला.