परत आलेले गठ्ठे

संसदेच्या इमारतीत सगळे त्यांना गठ्ठेमामा म्हणत, आणि मामांनाही आता खरं नाव सांगायचा कंटाळा येई. कायद्यांचे मसुदे, समित्यांचे अहवाल, सभागृहातल्या भाषणांचे खंड, जे जे छापलं जाई त्याच्या जास्तीच्या प्रती तळघरातल्या भांडारात मामांच्या गळ्यात पडत. मागेल त्याला द्यायच्या, उरतील त्या सांभाळायच्या. मागणारे थोडे. म्हणून मामांचा उभा जन्म सांभाळण्यातच गेला, आणि तळघराने त्यांना बक्षीस म्हणून खोकला दिला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुळीतून बाहेर पडा, नाहीतर छाती कामातून जाईल. त्या दिवसापासून मामांच्या बायकोने त्यांचा पिच्छा पुरवला. शेवटी मामा मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे प्रकाशन विभागाच्या प्रमुख, वयाने मामांच्या मुलीएवढ्या, पण माणूस ओळखणाऱ्या.

"वरच्या विक्री खिडकीवर तुम्हालाच बसवते, मामा," त्या म्हणाल्या. "फक्त तळघर रिकामं करून द्या. तिथे कॉम्प्युटरची यंत्रं बसवायचीत. आणि तुमच्या जागी खाली बसायला दुसरा माणूस मला कोणी देणार नाही."

सगळं रद्दीत घालायची मुभा होती. पण मामांचा हात धजेना. लोकांसाठी छापलेलं लोकांकडेच जावं, हे त्यांचं जुनं खूळ. त्यांनी गावोगावच्या वाचनालयांना आणि कॉलेजांना गठ्ठे धाडायचा सपाटा लावला. सुतळी आवळून बोटं सोलवटली, पण हळूहळू भिंती दिसू लागल्या. एके दिवशी तर मांडणीमागे चक्क झरोका सापडला.

"अगं, तळघराला झरोका आहे!" ते घरी येऊन म्हणाले.

"मग इतकी वर्षं काय डोळे मिटून बसला होतात?" बायको म्हणाली, पण खूश झाली.

आणि मग गठ्ठे परत यायला लागले.

करणी मामांचीच होती. ऐन उमेदीत त्यांना एकदा बुटांच्या खोक्यात अहवालाची पानं कोंबलेली दिसली होती. तेव्हा साहेबांच्या मागे लागून त्यांनी प्रत्येक प्रतीच्या मलपृष्ठावर एक सूचना छापून घेतली: हा दस्तऐवज रद्दीत विकू नये, नको असल्यास संसदेच्या भांडाराकडे परत करावा. पुढे ती ओळ रोज डोळ्यांखालून जाऊन जाऊन दिसेनाशीच झाली. वाचनालयांना मात्र ती नेमकी दिसली. जागा त्यांच्याकडे तरी कुठे होती? एरवी सरकारी कागदाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या लोकांनी ही एक आज्ञा तेवढी तत्परतेने पाळली.

"तुमच्या लेकी माहेरी आल्यात, मामा," टपालगाडीवाला म्हणाला. "उतरवून घ्या!"

मामांना हसू आलं. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेचना, तेव्हा ते आलेल्या गठ्ठ्यावरच बसले. मॅडम नाकाला रुमाल लावून खाली आल्या.

"एकेक प्रत ग्रंथालयात आहे, मामा. काही बुडत नाही. रद्दीवर सही करा आणि वर या."

"ग्रंथालयात जायला पास लागतो, मॅडम. साध्या माणसाला कोण देतो?"

"नाही देत कोणी," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण तुमचा खोकला मला ऐकवत नाही."

मामांनी सही केली. काही पटलं बिटलं म्हणून नव्हे. ते दमले होते, बस.

पण नियम असा की रद्दीत जाणाऱ्या प्रत्येक प्रतीचं मुखपृष्ठ भांडारप्रमुखाने स्वतः फाडायचं, म्हणजे ती पुन्हा बाजारात विकली जाऊ नये. मामा दिवसभर फाडत बसले. पहिली काही फाडताना त्यांनी नावं वाचली. मग वाचणं सोडून दिलं.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती.

"उद्यापासून वर ना?"

"वर."

तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि लहान मुलीसारखी हसली. मामा खुर्चीत बसले आणि त्यांना रडू फुटलं.

"मोकळं वाटेल असं वाटलं होतं गं. फार वाईट वाटतंय."

"वाटू दे," ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "त्या गठ्ठ्यांसाठी तुम्ही रडा. मी तुमच्यासाठी कितीदा रडले, ते तुम्ही खाली होतात म्हणून दिसलं नाही."