बालवाडी लेव्हल

आता विचारलंच हाय तर सांगतो, पण आदी हातातला चहा खाली ठेवा. मागल्या वेळी हेच सांगताना आमच्या गल्लीतल्या सुऱ्याच्या नाकातनं चहा आला आन् माझा नवा शर्ट गेला. आन् हसायचं असंल तर एकदम शेवटी हसा. मधी हसलासा की माझी लिंक तुटती.

मी ओंकार, गडमुडशिंगीचा. घरात ओंक्या. दहावीला सगळे विषय निघाले, गणित तेवढं दोनदा राहिलं. तवापासनं माझे उद्योग दोनच. एक, लोकांच्या खोड्या काढायच्या. मागं आईच्या मोबाईलला म्हशीच्या रेकण्याची रिंगटोन लावलती. तीन दिवस आई फोन सोडून गोठ्यात पळत हुती. आन् दुसरा उद्योग, दादाच्या जुन्या लॅपटॉपवर अंतराळात राज्य करायचं.

ह्यो गेम तुमाला थोडा सांगाय लागंल. तुमाला एक ग्रह मिळतो. तिथं धान्य पिकवायचं, लोखंड काढायचं, जहाजं बांधायची, हळूहळू बाकीचे ग्रह घ्यायचे. शेजारी आणखी चार राज्यं असतात, लाल, हिरवं, निळं आन् पिवळं, ती कॉम्प्युटर चालवतो. त्यातला लाल राजा सगळ्यात माजलेला. त्याला पाडलं की तुमी जिंकलासा. आन् खेळ किती अवघड पायजे ते चांदण्यांवर ठरतंय. एक चांदणी म्हंजे कॉम्प्युटर पेंगतोय. पाच चांदण्या म्हंजे लाल राजाला पहिल्यापासनंच सगळं तुमच्या दुप्पट. दुप्पट धान्य, दुप्पट जहाजं, डोकं बी दुप्पट.

गल्लीत मी सांगून ठेवलतं, आपण पाच चांदण्या मारल्यात.

खरं सांगू? दोन. त्यातबी एकदा लाल आन् निळा आपसात भांडत बसलेले म्हणून. पण गल्लीत कोण तपासाय येणार हाय?

तर, माघात दादाचं लग्न झालं. वैनी आजऱ्याकडच्या. बी.ए. झालेल्या, पण आवाज असा की शेजारी बसलेल्याला बी दोनदा विचाराय लागतंय, काय म्हणलासा. त्यांच्या आईनं काजूच्या कारखान्यात जन्म काढला. टरफलाच्या तेलानं हाताची बोटं काळी पडलेली, ती काय धुऊन जात न्हाईत. लग्नात पोरीला जवळ घेऊन त्या एकच बोलल्या, 'तू पंख्याखाली बसून काम कर.' मी जवळच हुतो, लाडू खात.

आन् जमलं की तसंच. गावातल्या दूध संस्थेत कॉम्प्युटरवर बसाय माणूस पायजे हुता. वैनींनी अर्ज टाकला. पंधरा दिवसांनी परीक्षा, तीबी कॉम्प्युटरवरच. आता वैनींनी कॉम्प्युटर लांबनंच बघितलेला. माऊस असा धरायच्या, जसं काय त्यो चावणार हाय.

दादा फौंड्रीत कामाला. सकाळी डबा घेताना मला म्हणाला, दुपारी लोळतच असतोस, वैनीला कॉम्प्युटर शिकव. न्हायतर लॅपटॉप कपाटात आन् किल्ली माझ्या खिशात.

मी म्हणलं, आदी हात बसाय पायजे, हात बसाय गेमच बरा. इथवर माझं काय चुकलं न्हाय बघा. पण गेम चालू करताना बोटात किडा वळवळला. टाकल्या पाच चांदण्या.

"ह्या एवढ्या चांदण्या कशाच्या भावजी?"

"त्या मदतीच्या. जेवढ्या जास्त, तेवढी नव्या माणसाला मदत जास्त. ही बालवाडी लेव्हल हाय वैनी. गल्लीतली दुसरीतली पोरं मारत्यात."

अकरा मिनिटांत लाल राजानं वैनींचं राज्य चाटून पुसून खाल्लं. मी उशीत तोंड खुपसून हसलो. दुसऱ्या दिवशी चौदा मिनिटं. तिसऱ्या दिवशी नऊ. दर वेळी मी तोंड पाडून म्हणायचो, अरेरे, आन् ही तर बालवाडी.

चौथ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप घिऊन बसलो, वैनी येईनात. शोधाय गेलो तर परसात धुण्याच्या दगडावर बसून त्यांच्या आईशी फोनवर बोलत हुत्या. मी कडब्याच्या आड उभा. म्हणल्या, "मी न्हाय जात परीक्षेला. दुसरीतल्या पोरांस्नी येतंय ते मला जमंना. तिथं चार लोकांत हसं कशाला करून घ्यायचं." पलीकडनं आई काय बोलल्या ते मला ऐकाय गेलं न्हाय. वैनी पदरानं डोळे पुसत हुत्या, आन् मला एकदम ती काळी बोटं दिसली.

मला असं वाटलं बघा, जसं काय मीच लाल राजा.

आता तुमी म्हणणार, सांगून टाकायचं की गड्या. सोपं हाय व्हय? सांगितलं की दादा तुडवणार. आन् त्यातनं 'तू स्वतः किती मारल्यास रे?' असं कुणी विचारलं, तर माझ्या पाच चांदण्या गल्लीभर खाली पडणार.

मग तुमी म्हणणार, गपचूप एका चांदणीवर टाकायचं. टाकलं की! पाचव्या दिवशी हातापाया पडून वैनींस्नी बसवलं आन् चार चांदण्या हळूच काढून टाकल्या. वैनींनी मोजल्या.

"भावजी, मदत कमी का केलासा? मला हाय त्या मदतीत जमंना."

घ्या. परत पाच.

म्हंजे आता एकच वाट उरली. वैनींस्नी खरोखरची पाच चांदण्यांची लेव्हल जिंकून द्यायची. जी मी जन्मात जिंकली न्हाय, तिचा मास्तर मी.

दोन दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कुठला कुठला पोरगा इंग्रजीत भराभरा बोलतोय, मी थांबवून थांबवून बघतोय, वहीत लिवतोय. चार पानं भरली. आईनं येऊन कपाळाला हात लावून बघितला, ताप आलाय काय म्हणून.

वहीतलं वैनींस्नी सांगाय लागलो. पहिल्यांदा लढाऊ जहाजं बांधायची न्हाईत, धान्य वाढवायचं. लई ग्रह घ्यायचे न्हाईत, थोडेच घ्यायचे पण नीट सांभाळायचे. लाल राजा ज्या अरुंद वाटेनं येतोय ती गाठायची आन् सगळ्या तोफा तिथंच मांडायच्या, घरभर पसरायच्या न्हाईत. वैनी मान हलवायच्या आन् करायच्या. त्या दिवशी चाळीस मिनिटं टिकल्या. दुसऱ्या दिवशी सव्वा तास. माऊस आता चावत नव्हता. बोटं कीबोर्डवर बी पळाय लागली. पण शेवट ठरलेला. आमच्या एका जहाजाला लाल राजा तीन आणायचा, आन् संपलं. चार पानं संपली, माझी अक्कल संपली. परीक्षेला राहिले चार दिवस.

मग त्या दुपारी काय झालं ते नीट ऐका.

लाल राजा आमच्याकडं न येता शेजारच्या हिरव्यावर गेला. मी खूश. म्हणलं, हिरवा मराय लागला की आपण मागनं जाऊन त्याचे दोन ग्रह उचलायचे. मी कायम तेच करत आलोय. आन् वैनींनी आमच्या सहा जहाजातली चार उचलली आन् दिली हिरव्याच्या मदतीला पाठवून.

"अवो वैनी, काय करतासा? ती आपली जहाजं हायत. फुकट कशाला घालवतासा?"

"फुकट कुठं? पैरा हाय."

"काय हाय?"

"पैरा वो. आमच्याकडं भाताची लावण एका घराच्यानं हुतीया का? आज त्यांच्या वावरात आमी चिखलात, उद्या आमच्या वावरात ते. आज ह्या हिरव्याची लावण हाय."

"वैनी, त्यो कॉम्प्युटर हाय. त्याला पैरा काय कळतोय?"

"आमचा एक चुलता हाय. वर्षभर तोंड उघडत न्हाय. पण पैऱ्याला बरोबर येतो."

मी वही मिटून ठेवली. चारातलं एक जहाज परत आलं. मी मनातल्या मनात राज्याचं तेरावं घातलं. वैनींनी परत धान्य पिकवलं, परत जहाजं बांधली. दुसऱ्या दिवशी निळ्यावर संकट आलं, तिथं बी गेल्या. पिवळ्याकडं दुष्काळ पडला, त्याला धान्याचं जहाज भरून दिलं. गेम रोज तिथनंच पुढं चालू. मी शेजारी बसून नखं खातोय. आमचं राज्य नकाशावर एवढंसं, भाकरीच्या तुकड्यागत.

परीक्षेच्या आदल्या दुपारी लाल राजा आला. चाळीस जहाजं. मी मोजली. आमची नऊ. मी डोळे मिटून घेतले, कारण मला म्हाईत हुतं पुढं काय हुतंय ते.

टिंग करून आवाज झाला. पडद्यावर इंग्रजीत काय तरी आलं. मला वाचाय जरा वेळ लागतोय, वैनींनी एका दमात वाचलं आन् सांगितलं, हिरवा म्हणतोय आमी निघालोय. परत टिंग. निळा. परत टिंग. पिवळा बी. चारी बाजूनं जहाजंच जहाजं, जसं काय पहिल्या पावसावर लावणीला आख्खं गाव वावरात उतरलंय. चाळीस जहाजांचा तासाभरात भुगा झाला. मग सगळी मिळून लाल राजाच्या घरात शिरली.

तवा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दोन वर्षं मी शेजाऱ्यांची घरं फोडत आलतो. म्हणून लाल राजा आला की माझ्या बाजूला काळं कुत्रं सुद्धा नसायचं.

पडद्यावर पाच चांदण्या चमकाय लागल्या. जन्मात पहिल्यांदा बघितल्या मी त्या. वैनी एवढ्या जोरात ओरडल्या की आई गोठ्यातनं पळत आली, म्हैस व्याली काय म्हणून. आन् माझ्या डोळ्यात पाणी. धूळ गेली म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वैनी परीक्षेला गेल्या. येऊन सांगितलं, मधीच लाईट गेली, परत सगळं पहिल्यापासनं भराय लागलं. "मी म्हणलो, चाळीस जहाजं तर आली न्हाईत नव्हं. भरलो परत." आठ दिवसांनी निरोप आला. वैनी लागल्या. दूध संस्थेत, पंख्याखाली. पहिला फोन आजऱ्याला लावला, आन् ह्या खेपेला पलीकडनं एवढा आवाज आला की परसात मलाबी ऐकाय गेला.

संध्याकाळी घरात पेढे. दादा म्हणाला, ओंक्यानं जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी बरं केलं. मी कॉलर ताठ केली. खरं तर मी तिथनं उठून जायाला पायजे हुतं. पण पेढे राहिलेले.

वैनी म्हणाल्या, "भावजी, त्या गेममधी यादी असती न्हवं, कोण कवा किती चांदण्या जिंकलं त्याची? दावा की ह्यांस्नी."

मी काय दावणार? त्यांनी स्वतःच उघडली. वर वैनींचं नाव, पाच चांदण्या. खाली माझं नाव. एकतीस वेळा. एक चांदणी, एक चांदणी, दोन चांदण्या, एक चांदणी.

दादा वाकून बघाय लागला. वैनी तोंड एकदम सरळ ठेवून म्हणल्या, "बघा, भावजी किती अवघड खेळत्यात. जवळजवळ मदत घेतच न्हाईत."

दादाला काय कळंना. पण वैनींच्या गालाचा एक कोपरा हलला, आन् माझ्या हातातला पेढा खाली पडला.

"वैनी... कवा कळलं?"

"तुमी वहीत लिवून आणलासा त्या दिवशी. गेममधी चांदण्यांच्या खाली बारीक अक्षरात लिवलंय की सगळं. बी.ए.ला इंग्रजीच हुतं मला, भावजी."

"मग बोलला का न्हाईसा?"

"पहिल्यांदा वाटलं, तुमच्या टाळक्यात पाटा घालावा." हे म्हणताना त्यांचा आवाज चांगला मोठा हुता, दोनदा विचाराय लागला न्हाय. "मग ती चार पानं बघितली. म्हणलं, दुसरीतल्या पोरांचा खेळ न्हवं ह्यो, म्हंजे मी काय ढ न्हाय. तिथंच जीव हलका झाला. मग म्हणलं, आता जिंकूनच सोडायचं. आन् तुमाला तवाच बोललो असतो, तर तुमी रोज दुपारी माझ्याजवळ बसला असतासा व्हय?"

दादाला सगळं समजाय दोन मिनिटं गेली. मग तो हसाय लागला, आई हसाय लागली. तुडवला न्हाय मला, एवढंच. पण आईच्या तोंडनं गोष्ट गल्लीभर गेली, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालाय गेलो तर सुऱ्या लांबनंच ओरडला, "काय एक चांदणी, कुठं निघालास?" अजून तेच नाव चाललंय.

असू दे. मी म्हणलं, संपला विषय. तर एका दुपारी वैनींनी हाक मारली. कामावरनं जेवाय आलेल्या. समोर लॅपटॉप न्हाय.

"बसा भावजी. तुमी माझ्या लावणीला आलासा. आता मी तुमच्या."

आन् माझ्यापुढं दहावीचं गणिताचं पुस्तक सरकवलं.

"घाबरू नका," म्हणल्या. "बालवाडी लेव्हल हाय."

मी पुस्तक उघडलं. पहिल्याच गणिताच्या डोक्यावर वैनींनी पेनानं पाच चांदण्या काढून ठेवल्या हुत्या.