अर्ध्या ग्रहणाचा नियम

आमच्या घराण्याचं वंशपरंपरेचं काम आता एका कागदापुरतं उरलं आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या पंचांगात ग्रहणाच्या वेळा असतात, पण त्या तिकडच्या. ग्वाल्हेरचं उगवणं-मावळणं वेगळं. म्हणून दर ग्रहणाआधी बाबा हिशेब मांडतात आणि महाराज बाडा या चौकामागच्या एका देवळात कागद लावून येतात: स्पर्श, मध्य, मोक्ष. म्हणजे ग्रहण लागणार कधी, भरात येणार कधी आणि सुटणार कधी. बाबा शहाऐंशीचे आहेत आणि कॅल्क्युलेटरला अजून हात लावत नाहीत. लहानपणी त्यांनी मला पहिला नियम शिकवला तो असा, की जे ग्रहण आपल्या गावाला दिसत नाही ते कागदावर चढवायचं नाही आणि पाळायचंही नाही. पुढचे नियम ऐकायला मी थांबलोच नाही. गणिताचा मास्तर झालो, इथल्या कंपू भागातल्या एका शाळेत तेहेतीस वर्षं पोरांचे कान पिळले आणि निवृत्त झालो. आता घरात बाबा आणि मी, दोघेच.

धाकट्या बहिणीची मुलगी इथेच, ग्वाल्हेरच्या हजिरा भागात वाढली. गणित माझ्याकडेच शिकली. सध्या ती दक्षिणेकडच्या एका संस्थेत संशोधन करते, आणि तिचा विषय म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह. ते ग्रह कुणाला दिसत नाहीत. अवकाशातली दुर्बीण आकाशाच्या एका तुकड्याकडे आठवडेच्या आठवडे बघत राहते आणि प्रत्येक ताऱ्याचा उजेड नोंदवते. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड किंचित कमी होतो, नोंदींच्या सरळ रेषेत एक खड्डा पडतो आणि रेषा पुन्हा वर येते. तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणालो, अगं, हे तर ग्रहणच झालं. ती हसून हो म्हणाली. मला फार बरं वाटलं. सात पिढ्या ग्रहणं मोजणाऱ्या घरातली ही आठवी, असं मी गल्लीत चार जणांना सांगूनही आलो.

खड्डे शोधायला संगणक असतात. पण संगणकाला पुन्हा पुन्हा पडणारा खड्डा लागतो. एकदाच पडलेला त्याच्या हातून निसटतो, तो माणसाच्या नजरेनेच सापडतो. तिच्याकडे हजारो आलेख होते, तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि हाताला अजून काही लागलं नव्हतं. मामांना वह्या तपासायची सवय आहे, त्यांनी आधी चाळून द्यावं, असं तिनेच सुचवलं. दोन फोल्डर करायचे, एक ठेवायच्यांचा आणि एक काढायच्यांचा. शंका आली तर तिसरा करायचा आणि तो तिला दाखवायचा, हेही तिने बजावलं होतं. तिसरा मी केला नाही. शंका विद्यार्थ्याला येतात, मास्तरला येत नाहीत, अशा गुर्मीत माझं आयुष्य गेलं आहे.

रोज सकाळी चहा झाला की मी लॅपटॉप उघडून बसायचो. काम सोपं वाटायचं. खड्ड्यात उतरणारी रेषा दिसली, तळ दिसला आणि वर येणारी रेषा दिसली की ठेव, नाहीतर काढ. काही आलेख मात्र मधेच तुटलेले असायचे. दुर्बीण गोळा केलेली नोंद पाठवायला पृथ्वीकडे तोंड वळवते, तेवढा वेळ तिचं ताऱ्यांकडे लक्ष नसतं. उजेड उतरायला लागला आणि नेमकी तिथेच नोंद संपली, असे ते अर्धवट खड्डे. स्पर्श आहे आणि मोक्ष नाही. जे दिसलं नाही ते कागदावर चढवायचं नाही. मी ते सगळे काढत गेलो.

त्यातला एक मला नीट आठवतो, कारण त्या ताऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे माझ्या विकलेल्या स्कूटरचे होते. मी बाबांना हाक मारून दाखवलं, म्हटलं, बघा, आपली स्कूटर वर पोचली. आम्ही दोघे खूप हसलो. मग मी तो आलेख काढायच्या फोल्डरमध्ये टाकला. ठेवायचे तेवढे भाचीला पाठवले. तिने त्यावर चार महिने घालवले आणि त्यातून काही निघालं नाही.

गेल्या फाल्गुनात, एका सकाळी तिने कुठल्याशा बातमीचा दुवा पाठवला, खाली एक शब्दही नाही. परदेशातल्या एका चमूला लांब फेऱ्याचा ग्रह सापडला होता. मी कौतुकाने वाचत गेलो आणि ताऱ्याच्या क्रमांकापाशी आलो. शेवटचे चार आकडे स्कूटरचे. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले. तेच.  आत जाऊन लॅपटॉपवर काढायच्यांचा फोल्डर उघडला तर तो आलेख तिथे होता, मी टाकला तसाच. त्या लोकांनाही एवढाच अर्धा खड्डा मिळाला होता. पण त्यांनी तो तारा सोडला नाही. दुसऱ्या दुर्बिणी लावून वाट पाहत बसले, आणि पुढच्या फेरीला त्यांना पुरा खड्डा सापडला.

दुपारी बहिणीचा फोन आला. ती बातमी कळल्यापासून पोरगी तीन दिवस नीट जेवत नाहीये, असं ती म्हणाली. तो तारा आपल्याच यादीत होता हे भाचीला मुळापासून माहीत होतं, आणि पाठवलेल्या ढिगात तो आपल्या नजरेतून सुटला अशी तिची समजूत झाली होती. ही नजर या कामाची नाही, आता सोडून घरी येते, असं ती आईला म्हणाली होती. मी हूं हूं करत ऐकून घेतलं. तो ढिगात नव्हताच, हे मला सांगवलं नाही. फोन ठेवला तेव्हा मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मी दार लोटून घेतलं.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, तुझा काय दोष, नियमच तसा आहे. त्यांनी आलेख पुन्हा बघायला मागितला. बराच वेळ बघितला.

"हे न दिसणारं ग्रहण कुठे आहे?" ते म्हणाले. "हे ग्रस्तास्त आहे. ग्रहण लागलेलं असताना बिंब मावळतं, मोक्ष आपल्याला दिसत नाही. ते आपण कागदावर लिहितो, आणि पाळतोही. दुसऱ्या दिवशी शुद्ध बिंब उगवलेलं बघेपर्यंत जेवत नाहीत, थांबून राहतात. तुला सांगितलं नव्हतं का मी?"

सांगितलं असेल. मी तेव्हा पतंग घेऊन पळालो असेन. मला मोठा धक्का बसला तो इथे. ग्रह गेला, त्याचं दुःख होतंच. पण ज्या नियमाच्या भरवशावर मी तो फेकला, त्याच्या शेजारचाच नियम मला आला असता तर मी तो फेकला नसता. आमच्याच घरात होता तो, साठ वर्षं, माझ्या ताटासमोर बसून जेवत होता. 

"तिला सांगितलंस?" बाबांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "मग मी तोपर्यंत जेवत नाही," असं म्हणून ते पाटावरून उठले. म्हाताऱ्या माणसाला शास्त्रातच सूट आहे, तुमच्या साखरेच्या गोळ्या आहेत, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. सूट ग्रहणाला आहे, पोरीला फसवायला नाही, असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी स्वयंपाकघरातच उभा राहून फोन लावला. वरणाखालचा गॅस बंद करायचंही सुचलं नाही. तिने उचलला. मी नमस्कार-चमत्कार न करता एका दमात सांगून टाकलं: तो आलेख तुझ्यापर्यंत आलाच नव्हता, मी काढला होता, तिसरा फोल्डर मी केलाच नव्हता.

 मागे कुठेतरी पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मी दोनदा हॅलो म्हणालो.

"मामा," ती म्हणाली, "तीन दिवस मी हेच समजत होती की मी अंधी आहे. मी माझ्या गाइड सरांना पण हेच लिहून दिलं, ग़लती मेरी है."

मी म्हणालो, उद्याच्या उद्या मी त्यांना पत्र लिहितो. त्याची गरज नाही, काम तुम्हाला मीच दिलं होतं, असं ती म्हणाली. आवाज कोरडा होता. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग तिने विचारलं, "त्या काढलेल्यात असे अर्धे अजून किती आहेत?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो. मास्तर असून.

"तर मग मोजा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवताना मामा म्हणाली नाही.

वरण तळाला लागलं होतं. बाबा दारात येऊन उभे होते. ती काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं.

"मोजा म्हणाली."

"म्हणजे सोडून येत नाही ती," बाबा म्हणाले. पाट त्यांनी स्वतःच ओढला आणि बसले. "वाढ. आणि लॅपटॉप इकडे आण, मलाही दिसतं अजून."