खोडलेली ओळ

अंधेरीच्या ज्या कंपनीत मी अजूनही नोकरी करते, तिथे पेशंटच्या खाटेशेजारी ठेवायचे मॉनिटर बनतात. त्यातल्या कर्नलचं, म्हणजे मशीन सुरू होताना एकेक भाग जागा करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम आम्ही दोघंच पाहायचो. मी, आणि मला ते शिकवणारे माझे सीनियर, आमचे सर.

मागच्या वर्षी नर्सिंग होममधून तक्रारी यायला लागल्या. मॉनिटर लावला की कधीकधी स्क्रीन काळीच. बंद करून परत लावला की ठीक. कारण आम्हाला लगेच कळलं. स्क्रीनला वीज देणारी एक चिप असते. तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा कोड, आधी उठायला हवा, स्क्रीनचा मागून. कधी उलटं व्हायचं आणि स्क्रीनचा ड्रायव्हर हात टेकून मोकळा व्हायचा.

त्या कोडच्या फाइलवर लिहिणारा म्हणून सरांचं नाव होतं. मीटिंगमध्ये ते एवढंच म्हणाले, "मी असं लिहिणार नाही. चिप तयार नसेल तर थोड्या वेळाने परत विचारायचं, हे मी हिला पहिल्याच आठवड्यात शिकवलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. कुणाला पटलं नाही. महिन्याभरात त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला.

त्यानंतर एका दुपारी जुन्या लॅपटॉपवर मला त्यांचा मूळ कोड सापडला. बरोबर होता. त्यापुढचा बदल माझा होता. चिपकडून 'अजून तयार नाही' असं आलं काय किंवा 'बिघडलेय' असं आलं काय, कोड सुटसुटीत करायच्या नादात मी दोन्ही एकाच मापाने मोजलं होतं. परत विचारायची ओळ मीच खोडली होती. पुढे नव्या व्हर्जनवर जाताना सगळा कोड सरांच्या खात्यातून चढवला, म्हणून माझे बदलही त्यांच्याच नावाने एकगठ्ठा चढले.

मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "फिक्स झालं ना? मग सोड ना यार. आता उकरून काय मिळणार?"

रविवारी मी मुलुंडला सरांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"टेस्ट केलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा वेळा चालू करून बघितलं, सर. दरवेळी स्क्रीन आली."

"येणारच. कधीतरीच होणारी चूक पाच-सहा वेळात दिसत नाही." मग म्हणाले, "घरी बसून मी तोच कोड डोक्यात वाचत होतो गं. वाटायला लागलं होतं, मीच लिहिलं असेल. वय झालं असेल माझं."

मला रडू आलं. त्यांनी समजूत घातली नाही, आणि का घालावी?

"ऑफिसात सांगितलंस?"

"हो."

"मग?"

मॅनेजर 'सोड ना' म्हणाला, ते मी तसंच सांगितलं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्या बायकोने चहा आणला. तो मी एकटीने प्यायले, कारण नको म्हणायचीही हिंमत नव्हती.

सोमवारी मी सगळ्या टीमला मेल लिहिला, चूक माझी होती म्हणून. सरांनाही पाठवला. एकाचंही उत्तर आलं नाही. मला कुणी काढलं नाही, साधं रागावलंही नाही. दिवाळीत सरांना फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते आणि काम चालू आहे.