पडजीभ नव्हती ती

माही बायको औंदा गेली. लोक म्हणतात, गरीब होती, कोनाले उलटून बोलली नाही. एकदा बोलली. ते सांगतो.

इंग्रजाचं राज होतं. आसेगावच्या मळ्यात आमी वांगे तोडत होतो. पोरगी चार वर्षांची, सकाळी भाकर खाऊन खेळलेली. दुपारी पाहतो त अंग तव्यासारखं. दोन्ही हात भुईले टेकून, हनुवटी पुढं काढून बसली होती. लाळ गळत होती, गिळता येत नव्हती. श्वास घेतला का शिट्टीसारखा आवाज निघे.

घरी नेली त माही माय म्हणाली, "पडजीभ पडली." घसा धरला का आमच्याकडं सारे हेच म्हणत. शेजारची बुढी बोटाले हळद-मीठ लावून पडजीभ वर दाबे. ती आलीच.

"निजव तिले," बुढी मायले म्हणाली.

मायनं पोरीले आडवी केली मात्र, शिट्टीच बंद. ओठ जांभळे. बायकोनं हिसकून उभी धरली तवा कुठं श्वास लागला.

"तुले पाहवत नसन त बाहेर जाय," माय तिले म्हणाली.

"आत्याबाई, हिच्या तोंडात कोनी बोट घातलं त मी चावीन."

बुढी हसली. "माहं बोट का गूळ आहे वं?"

बायको हसली नाही. मले म्हणाली, "बंडी जुंपा."

जोरात हाकलली का धचका बसे, पोरगी रडे, अन् रडली का गळा आवळे. हळू हाकलली त भेव, वाटेतच जाईन. मी मागं पाह्यलंच नाही. शिट्टी ऐकत हाकलत राह्यलो.

तालुक्याच्या दवाखान्यात नर्सबाईनंही पोरीचं तोंड उघडून पाह्यलं नाही. "अशीच मांडीवर बसू द्या. रडवू नका. डॉक्टर येतात." भोवती चादर धरून किटलीची वाफ सोडली. बायको लाळ पदरानं टिपे, पाठीवर हात फिरवे. शिट्टी बारीक झाली का मी दारातून वाकून पाहो. डॉक्टरनं सुई टोचली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तवा पोरीनं लाळ गिळली. मग चमचाभर पाणी.

"आता निजवा तिले," नर्सबाई म्हणाली. बायकोनं मान हलवली, नाही.

घरी आल्यावरही पोरीले छातीशी धरून बसल्या बसल्याच डोळे मिटे. मी म्हणो, "आडवी कर वं, बरी झाली."

"तुमी तिचे ओठ पाह्यले नाही."

पाह्यले होते. मीही कान देऊन जागाच राहो.